हॉल भाड्याने द्यायच्या आधी थोडा इतिहास

आपल्या गावच्या वाचनालयाचा वरचा हॉल संध्याकाळच्या वेळी एका खाजगी क्लासला भाड्याने द्यायचं घाटतंय, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असा, की आता मोठ्या माणसांना शिकायचं तर सगळं मोबाईलवर आहे, फुकट आहे, घरबसल्या शिका. त्यासाठी हॉल कशाला अडवून ठेवायचा? मी त्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा बसणाऱ्यांपैकी एक आहे. म्हणजे माझा स्वार्थ आहे, ते आधीच सांगून टाकते. पण हा वाद आजचा नाही. "यंत्र आलं, आता जमायची गरज काय" हे म्हणणं आपल्याच मुलखात जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी रीतसर तपासून पाहिलं गेलंय, आणि त्याचं उत्तर छापील स्वरूपात आहे. ते वाचल्यापासून लिहायचं मनात होतं. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट १९५६ ची. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. युनेस्कोच्या मदतीने तिथे एक प्रयोग ठरला. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे घेतले: पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. (उत्तर सातारा म्हणजे आपणच, मंडळी. तेव्हा जिल्ह्याचं नाव तसं होतं.) या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं एक मंडळ. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे.

कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळं चालू होती. बर्फात अडकलेले शेजारी एकाच्या घरी जमायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे. त्यांचं ब्रीदवाक्य होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. एकेकाळी अशी सोळाशेच्या आसपास मंडळं होती. पण कॅनडाचा शेतकरी वाचणारा होता, त्याला आधी छापील पत्रक पाठवता यायचं. आपल्याकडे मंडळातल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. हे इथे चालेल का, हीच शंका होती.

तर रेडिओ बंद झाल्यावर खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. ऐकलेल्यावर चर्चा घडवायची, काय ठरलं ते लिहायचं, अडलेले प्रश्न लिहायचे आणि ते पुण्याला पाठवायचे, हे निमंत्रकाचं काम. आणि पुणे केंद्र त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायचं. विचार करा, १९५६ साली एखाद्या वाडीवरचा शेतकरी विचारतोय आणि रेडिओ त्याला उत्तर देतोय! आज मी ज्या कोर्सला बसले त्यात मी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला अकरा दिवस लागले, आणि आलं ते कुणालाही लागू पडेल असं.

या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. ती करणारे पॉल न्यूराथ हे मूळचे ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेला हा माणूस त्या सुमाराला मुंबईत शिकवायला आला होता आणि आपल्या गावांतल्या मंडळांचा हिशेब मांडत होता. तेव्हाचे आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर (हिंदी नाटकवाले 'कोणार्क'चे लेखक, तेच) यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने छापला.

आता कान देऊन ऐका, कारण हॉलचा प्रश्न इथे आहे. त्यांनी नुसती मंडळं असलेली गावं नाही तपासली. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावंही घेतली. त्यातल्या काहींत सार्वजनिक रेडिओ होता, काहींत रेडिओच नव्हता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर माणसांना तेच प्रश्न विचारले. मंडळ होतं तिथे माणसांच्या माहितीत भरघोस वाढ झाली. मंडळ नव्हतं तिथे वाढ नगण्य, मग गावात रेडिओ असो नाहीतर नसो.

म्हणजे आवाज तोच, कार्यक्रम तोच, फुकटही तितकाच. फरक होता तो फक्त वीस माणसं ठरलेल्या वेळी एका जागी बसण्याचा.

आणि नुसती माहिती वाढली असं नाही. मंडळांनी ठरवून कामंही केली. कुठे विहीर खणायला घेतली, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे बालवाडी काढली. रेडिओने सांगितलं म्हणून कुणी एकटा उठून विहीर खणत नाही. चार जण म्हणाले "चला" की खणतो.

प्रयोगात खोट नव्हती असं नाही. मंडळांचे सभासद बहुतेक पुरुषच. बाईमाणसाने संध्याकाळी चावडीत येऊन बसायचा तो काळ नव्हता, आणि प्रयोगानेही त्यासाठी फारसा आटापिटा केलेला दिसत नाही. दुसरं म्हणजे १९५९ पासून ही योजना देशभर नेली आणि मंडळांचे आकडे हजारांवर गेले. पण आकडे वाढले तशी मधली माणसं पातळ झाली. निमंत्रकाला विचारणारं कुणी उरलं नाही, प्रश्नांना उत्तरं येणं कमी झालं, आणि हळूहळू मंडळं कागदावर राहिली. सरकारला यंत्र वाटता येतं. संध्याकाळी कंदील लावून सतरंजी अंथरणारा माणूस वाटता येत नाही.

खरं तर पुण्याच्या प्रयोगाने काही नवीन शोधलं नव्हतं. मोठ्या माणसांचं शिक्षण आपल्याकडे कायम कुठल्यातरी जागेभोवतीच उभं राहिलंय. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा राबणाऱ्याला रात्रच मोकळी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही चालू आहे. बडोद्याला सयाजीरावांनी १९१० नंतर गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं आणि लांबच्या गावांना पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. मुंबईत १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. आपल्या भागातली कितीतरी माणसं त्या गिरण्यांत होती. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला "घरी बसून शीक" असं सांगायचं धाडस तेव्हा कुणी केलं नसतं.

मग आली आपल्या जिल्ह्याची स्वतःची मोहीम. १९५९ ची ग्रामशिक्षण मोहीम. ही साताऱ्यात सुरू झाली आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रात गेली, हे आज आपल्या पोरांना सोडा, आपल्यालाही ठाऊक नसतं. माझ्या आजीकडून मी तिच्याबद्दल ऐकलं होतं, पण ती सरकारी योजना होती आणि तिला नाव होतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. शिक्षकांनी आणि शिकलेल्या गावकऱ्यांनी मानधन न घेता शिकवायचं, तेल-पाटी-पुस्तकाचा खर्च गावाने वर्गणीतून करायचा, वर्ग देवळात नाहीतर शाळेत भरवायचे. आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ! पाहुणे, हारतुरे, सगळ्यांसमोर वाचून दाखवणं. आजी म्हणायची, "सही शिकल्याचं अप्रूप नव्हतं, मिरवणुकीचं होतं." मला वाटतं मोहिमेचं खरं इंजिन तेच होतं. एकटा अडाणी राहिला तर सबंध गावाचा समारंभ अडतोय, मग शेजारीण हाताला धरून वर्गाला नेणारच.

पण समारंभ झाला, मांडव उतरला आणि वर्गही उठला. पुढे वाचायला काय, कुठे आणि कुणाबरोबर, याची सोय झाली नाही. नवसाक्षर माणसं पुन्हा अक्षरं विसरू लागली. मोहिमेवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी हे दुखणं नोंदवलंय. माझ्या आजीला शेवटपर्यंत सही यायची. एसटीची पाटी मात्र ती दुसऱ्याला विचारायची.

पुढची पंचवीस वर्षं पटकन सांगते, कारण कथानक तेच आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही पोचवला (आपलं राज्य त्यात नव्हतं). २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाची दहा कोटी माणसं साक्षर करायची होती. नाही झाली. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर उच्च शिक्षणाचे कार्यक्रम आणले. आमच्या आळीत एकच टीव्ही होता, आणि त्या वेळेला तो कुणी लावत नसे. १९८८ मध्ये साक्षरता अभियान आलं. ते जिथे लोकांच्या हातात गेलं तिथे चाललं, आपल्याकडे सिंधुदुर्गाने नाव काढलं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाजवळ मात्र थोडं थांबते. १९८९ मध्ये नाशिकला ते स्थापन झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं बोधवाक्य. आता कुणी म्हणेल, बघा, घरोघरी म्हणजे घरीच की! पण हे विद्यापीठ चाललं कसं ते पाहा. स्वतः वाचून समजावं अशी मराठीतली पुस्तकं हा एक पाय. आणि गावोगावच्या कॉलेजांतली अभ्यासकेंद्रं, तिथली रविवारची संपर्कसत्रं, हा दुसरा. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला बसता येऊ लागलं, आणि हा दरवाजा कितीजणांसाठी काय होता ते त्यांनाच विचारा. पोलीस, कंडक्टर, अंगणवाडीसेविका, दोन मुलांनंतर पुन्हा पुस्तक धरणाऱ्या बायका. माझी धाकटी जाऊ त्यातलीच. ती सांगते, पुस्तक घरी उघडायला वेळच मिळायचा नाही. "पण रविवारी केंद्रावर जायचं म्हटलं की सासूबाई डबा करून द्यायच्या." घरातल्या बाईचं वाचन हे काम धरलं जात नाही. बाहेर जाऊन वर्गात बसणं धरलं जातं. हॉलचं भाडं मोजताना हा फरक कुठल्या रकान्यात लिहायचा, ते मला कुणीतरी सांगा.

आता मोबाईलकडे येऊ. साधारण २०१२ पासून जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी आपले कोर्स इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये 'स्वयं' सुरू केलं. शिकायला फी नाही, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी तिच्या विरोधात मुळीच नाही. देशातल्या नावाजलेल्या संस्थांतला प्राध्यापक माझ्या ओट्यावर बोलतो, हे माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिने दृष्ट काढली असती.

पण निकाल? हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा खुल्या कोर्सेसची कित्येक वर्षांची आकडेवारी २०१९ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात आली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त, ५२ टक्के, कोर्सच्या आत एकदाही गेले नाहीत. २०१७-१८ मध्ये सगळ्या सहभागींपैकी कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. शंभरात तीन! ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात प्रमाण ४६ टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणजे अडकवून घेतलं की माणूस टिकतो. पैशाने अडकवता येतं. माणसांनीही येतं.

आमच्या गटाचं सांगते. कशाचं प्रमाण म्हणून नाही, अकरा माणसांवरून काही सिद्ध होत नाही. मी पतसंस्थेत कारकून. मागच्या वर्षी आम्ही अकरा जणांनी आठ आठवड्यांचा हिशेब आणि करविषयक ऑनलाईन कोर्स एकत्र घेतला: एक शिंपी, दोघी बचत गटाच्या सचिव, एक रिटायर्ड कंडक्टर, खत दुकानातला एक मुलगा, आणखी काही. कोर्स इंग्रजीत. वाचनालयाच्या हॉलमध्ये मंगळवार-शुक्रवार सात ते साडेआठ. व्हिडिओ दहा मिनिटं पाहायचा, थांबवायचा आणि मग ते मराठीत, म्हणजे खरं तर आपल्या भाषेत, एकमेकांना सांगायचं. 'डिप्रिसिएशन' म्हणजे घसारा हे पुस्तकात आहे. पण ते कळलं शिंप्याच्या शिलाई मशीनवरून: बारा हजाराला घेतलं, आज कुणी चारला घेईना, तर मधले आठ हजार गेले कुठे? त्यावर पाऊण तास वाद झाला. त्या पाऊण तासात मी जे शिकले ते त्या प्राध्यापकांच्या चार व्हिडिओंत नव्हतं.

अकरातल्या आठ जणांनी परीक्षा दिली, सात पास झाले. एक जण मधेच उसाच्या तोडीत अडकला. त्याच्या घरी आम्ही दोन शुक्रवार माणूस पाठवला. आला नाही तो नाही, पण आपल्याला कुणी विचारायला आलं होतं, हे तो अजून सांगतो.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. वाचनालयाला पैसा लागतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अ, ब, क, ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात, आणि ते अनुदान किती पुरतं हे आपल्या ग्रंथपाल ताईंना विचारा. त्यांचा पगार सांगायची मला लाज वाटते. क्लासवाले महिन्याला भाडं देणार, त्यातून विजेचं बिल भागेल, नवी पुस्तकं येतील. कार्यकारिणीतले लोक काही खलनायक नाहीत. शिवाय हॉल पाच दिवस संध्याकाळी रिकामा असतो, हेही खरंच आहे.

म्हणून आमची मागणी "क्लास नको" अशी नाहीच. क्लासला सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार द्या. मंगळवार-शुक्रवार सात ते साडेआठ हॉल मोठ्यांच्या अभ्यासमंडळासाठी राखीव ठेवा, आणि तसं ठरावात लिहा. तोंडी नको, कारण तोंडी सोय पुढच्या कार्यकारिणीला बांधील नसते. वायफाय आणि पडद्याचा खर्च आम्ही वर्गणीतून करू, अकरा जणांनी तशी तयारी दाखवली आहे. आणि वाचनालयाने दोन वह्या ठेवाव्यात. एकीत मंडळाची हजेरी आणि काय ठरलं ते. दुसरीत अडलेले प्रश्न, म्हणजे गावातला जो कुणी सीए, डॉक्टर, कृषी सहायक, वकील महिन्यातून एक संध्याकाळ देईल त्याला ते उत्तरासाठी देता येतील. १९५६ च्या निमंत्रकाकडे हेच होतं, त्याहून जास्त काही नव्हतं.

आणखी एक. केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, 'उल्लास', २०२२ ते २०२७ असा आहे. तोही स्वयंसेवकांवर आणि मोबाईल ॲपवर उभा आहे. महाराष्ट्रात त्याच्या सर्वेक्षणावर शिक्षकांनी बहिष्कार टाकला होता, आणि शिकवायचं सोडून इतर कामं करून करून ते विटलेत, त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण आपल्या गावात नाव नोंदवलेल्या ज्या आज्या आणि मावश्या आहेत त्यांना बसायला जागा कोणती? त्यातल्या दोघी मला म्हणाल्या, सुनेच्या मोबाईलवर शिकायचं म्हणजे सुनेची वेळ बघायची. त्यांच्यासाठीही तोच हॉल, दुपारी तीन ते चार. तेव्हा क्लास नसतोच.

वाचनालयाची सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहाला त्याच हॉलमध्ये आहे. मत फक्त सभासदांना देता येतं, आणि वर्गणी थकलेली असेल तर देता येत नाही. ग्रंथपाल ताई शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत पावती फाडतील, मी विचारून ठेवलंय. ज्यांच्या घरी १९५९ च्या ग्रामगौरव समारंभाचा फोटो, प्रमाणपत्र किंवा नुसती आठवण असेल त्यांनी ती घेऊन या. सभेत विषय क्रमांक चार हा हॉलचा आहे, तो साधारण अकराला निघेल.